दक्षिणदाराला कुलूप

या, अशा जवळ सरका. मागं भिंतीला टेकलेल्यांनी पण पुढं या, सतरंजीवर जागा भरपूर आहे. आज खोराट्यांच्या घरातली एकच सकाळ सांगायची आहे. पहाटे साडेपाचला सुरू झाली आणि अकराच्या आत संपली. पण तेवढ्या वेळात वर्षाराणीनं जे पाहिलं, ते लग्न होऊन या घरात आल्यापासूनच्या सत्तावीस वर्षांत तिला दिसलं नव्हतं. आणि ते रोज तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच होतं. देव लपायला जागा शोधतो तीही अशी, की आपण भांडी घासता घासता त्याच्याकडं बघत असतो.

कळंब्याच्या बाजूची औदुंबर कॉलनी तुम्हाला ठाऊक आहे. खोराट्यांच्या घराच्या उत्तरेला मोठा रस्ता, केएमटी बसचा स्टॉप आणि केरबाचा दूधकट्टा, जिथं म्हैस डोळ्यांदेखत पिळून फेसाळ दूध पेल्यात देतात. घराच्या दक्षिणेला बाग, बागेला लागून वाचनालय, बालवाडी, तालीम आणि दत्ताचं देऊळ. या दोन बाजूंच्या मधे खोराट्यांचं आवार. त्या आवाराच्या कडेनं घर आणि कुंपण यांच्यात दहा फुटांची पट्टी, जेमतेम चाळीस पावलांची. उत्तरेला एक फाटक, दक्षिणेला एक. सगळी कॉलनी त्यातनं ये-जा करायची. नाहीतर ओढ्याच्या पुलावरनं वळसा, म्हातारं माणूस असेल तर पाऊण घटका सहज.

पिराजीआण्णा, म्हणजे वर्षाराणीचे सासरे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मूळचे चंदगडकडचे आणि नृसिंहवाडीचे जुने वारकरी. पूर आला की वाडीच्या देवळात पाणी उत्तरेच्या दारानं शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या दक्षिणद्वारात अंघोळ घडावी म्हणून माणसं पावसापाण्याची धावतात. आण्णा आपल्या बोळाकडं बोट दाखवून म्हणायचे, "वाडीला वरसातनं एकदा हुतंय. आपल्यात रोज सकाळी."

घरातले सगळे हसायचे. वर्षाराणीही हसायची आणि मनात म्हणायची, हसायला काय जातंय, धूळ मला पुसायला लागते.

पण त्या आषाढात हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. वर्षाराणीच्या मुलाचं, सम्राटचं, मोनाशी लग्न ठरलं होतं आणि घरात त्या दोघांना खोली नव्हती. वर मजला चढवावा तर जुन्या पायाला झेपणार नाही, असं इंजिनिअरनं तोंडावर सांगितलेलं. मग सम्राट आणि मोना पलीकडल्या नव्या टाउनशिपमध्ये फ्लॅट बघून आले. तिथं बाग होती, चालायला ट्रॅक होता, वाचनालय होतं, पोहायचा तलाव होता. आल्यावर सम्राट जेवायला बसला तो त्याच विषयावर.

"आई, तिथं सगळं आतच हाय. गेटच्या बाहेर पडायला लागत न्हाय."

"आणि आमच्याकडं यायला?" वर्षाराणीनं भाकरी ताटात टाकत विचारलं.

"रविवारी येणार की."

रविवारी. तो शब्द तिच्या घशात अडकला तो अडकलाच. एकुलता एक मुलगा रविवारी पावण्यासारखा येणार, चप्पल दारात काढणार, पाणी मागून घेणार. त्या रात्रीपासून ती बोळाकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागली. दहा फूट रुंद, चाळीस पावलं लांब. एक खोली, न्हाणीघर आणि छोटी गॅलरी आरामात बसेल.

तिनं नवऱ्याला, नृसिंहला, गाठलं. सोसायटीत कारकून, दोन्ही बाजूंचं खरं मानणारा माणूस. "तू म्हणतीस ते बरोबर हाय," तो म्हणाला. मग आण्णांकडं जाऊन आला आणि म्हणाला, "आण्णा म्हणत्यात तेबी बरोबरच हाय."

"तुम्ही एकदा तरी कुणाचंतरी चुकीचं ठरवा," वर्षाराणी म्हणाली.

सम्राटनं ओळखीच्या वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, बांधायचं असेल तर आधी वहिवाट मोडा. इतकी वर्षं लोक जातायत, उद्या हक्क सांगतील. एक दिवस दोन्ही फाटकांना कुलूप घाला, 'खाजगी मार्ग' असा फलक लावा आणि तारखेसकट फोटो काढून ठेवा.

हे आण्णांना सांगायचं काम वर्षाराणीनं केलं. त्यांच्या खोलीत चहा नेला, स्टुलावर ठेवला आणि उभी राहिली.

"बोल की," आण्णा म्हणाले. "चहा घेऊन आलीयास म्हणजे कायतरी जड हाय."

तिनं सांगितलं. पोरगं जाईल, हेही सांगितलं. त्या वाक्याला तिचा आवाज फाटला.

आण्णांनी चहा बशीत ओतला, पण प्याले नाहीत. "तुझी सासू असती तर," एवढं म्हणून थांबले. मग म्हणाले, "घाला कुलूप. एक दिवस. पण त्या दिवशी मी खोलीच्या बाहेर येणार न्हाय, पोरी. मला ते बघवायचं न्हाय. आणि अडवणारबी न्हाय."

बुधवारी रात्री नृसिंहनं दोन्ही फाटकांना कुलपं घातली. फलक पेंटरकडं अडकला होता, सकाळी दहाला येणार होता. एवढंच राहिलं. आणि त्या एवढ्यावरच पुढचं सगळं घडलं.

गुरुवारी साडेपाचला वर्षाराणी खिडकीशी उभी राहिली. दिवा लावला नाही. तिला वाटलं होतं, लोक फाटक हलवतील, हाका मारतील, चार शब्द सुनावतील. उत्तरं तिनं घोकून ठेवली होती.

पहिली आली धोंडुबाई. बागेची झाडलोट आणि देखभाल ती करते. हातात खराटा, डोक्यावर पदर. रोजच्या सवयीनं तिनं फाटक ढकललं. ते हललं नाही. तिनं कुलूप हातात घेऊन पाहिलं, मग अंगणाकडं पाहिलं, मग आण्णांच्या बंद खिडकीकडं. खराटा कुंपणाला टेकवला. वाकून फाटकाच्या उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि आली तशी मागं फिरली. खराटा तिथंच राहिला.

मग निवृत्त मास्तर आले, काठी टेकत. कुलूप पाहिलं, टोपी काढली, थोडं थांबले, गेले. बालवाडीच्या बाई आल्या, त्यांनी तोंडाला पदर लावला. तालमीची दोन पोरं धावत आली, कुलपाशी एकदम थबकली, एकमेकांकडं पाहिलं आणि चालत परत गेली. कुणी हाक मारली नाही. कुणी कडी वाजवली नाही. प्रत्येक जण वाकत होता आणि वळत होता.

वर्षाराणी पडद्याआड सरकली. घोकलेली उत्तरं तशीच राहिली. तिच्या मनात आलं, हे काय बघतोय आपण? शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

साडेसहाला देवळाच्या भोंग्यावर भूपाळी लागते. लागली नाही. तालमीत दंड-बैठकांचा आवाज घुमतो. घुमला नाही. केरबा कट्ट्यावरनं "ताजं, ताजं" ओरडतो आणि त्याची म्हैस त्याच्यापेक्षा मोठ्यानं, दोघंही गप्प. सातला बालवाडीची पोरं प्रार्थना म्हणतात, एक सूर वर एक खाली. त्यांचाही आवाज नाही. कॉलनीचा आवाज असा कुणीतरी फुंकर घालून विझवल्यासारखा गेला. आणि तेव्हा तिला कळलं, की हा आवाज आजवर तिच्या कानात होता. तो गेला म्हणून ऐकू आला.

"रुसली सगळी," सम्राट बाहेर येत म्हणाला. "रुसू दे की. दोन दिवस बोलतील."

"हे रुसणं न्हाय रे," ती म्हणाली. "हे दुसरंच कायतरी हाय."

"आपल्यावर बहिष्कार घातला वाटतं," नृसिंह हळूच म्हणाला. "त्यांचंबी बरोबरच हाय म्हणा."

वर्षाराणीनं त्याच्याकडं असं पाहिलं, की तो उप्पीट ढवळायला बसला.

आठ वाजून गेल्यावर सम्राटनं मोबाइल चार्जरवरून काढला. कॉलनीच्या ग्रुपवर त्याची नजर गेली आणि तो मटकन खाली बसला.

"काय रे?"

त्यानं फोनच पुढं केला. पडद्यावर आण्णांचा फोटो होता. गणेशोत्सवातला, फेटा बांधलेला. फोटोला कुणीतरी फुलांचा हार चिकटवला होता. खाली जोडलेले हात, एकाखाली एक, एकाखाली एक, बोट सरकवून सरकवून संपेनात. मास्तरांनी लिहिलं होतं, 'घरच्यांनी अद्याप कळवलेलं नाही. चंदगडची मंडळी येण्याची वाट पाहत असतील. कुणीही दार वाजवू नये. आज कॉलनीतले सर्व व्यवहार बंद.'

वर्षाराणीला एकेक उलगडत गेलं. या फाटकांना याआधी एकदाच कुलूप लागलं होतं, सहा वर्षांपूर्वी, तिची सासू विठाबाई गेली त्या दिवशी. तिरडी बोळात बांधायची होती म्हणून. कॉलनीला तेवढंच माहीत होतं. फाटक बंद म्हणजे घरातलं माणूस गेलं. दुसरं कारण या घराला असेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि रोज पहाटे बागेत दिसणारे आण्णा आज दिसले नव्हते.

"दार उघड," ती सम्राटला म्हणाली.

"मी? मी काय सांगू त्यास्नी?"

मग तिनंच उघडलं.

काय सांगावं तुम्हाला. समोरचा रस्ता माणसांनी भरला होता, आणि एवढ्या माणसांत एक शब्द नव्हता. पुरुष रस्त्याच्या कडेला उकिडवे बसलेले, बायका कुंपणापलीकडल्या औदुंबराखाली. बालवाडीची पोरंसुद्धा ओळीत बसलेली, बोट ओठांवर. आणि कुंपणाच्या भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, डबे. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून प्रत्येक घरानं काहीतरी करून आणलेलं. पिठलं, भात, भाकऱ्या फडक्यात बांधलेल्या. केरबानं सकाळचं सगळं दूध किटलीत आणून ठेवलेलं. तालमीच्या पोरांनी बांबू आणले होते, ते घरच्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून झाडामागं आडवे करून त्यांवर चादर टाकली होती. त्या चादरीवर वर्षाराणीची नजर गेली आणि तिथंच राहिली. किती जपून, किती आधीपासून या माणसांनी आपल्याला सांभाळायचं ठरवलं होतं. देवळात गाभाऱ्याचं दार उघडताना होतं तसं तिला झालं. फक्त या वेळी ती आत होती आणि देव बाहेर, रस्त्यावर बसलेला.

धोंडुबाई उठून आली. तिचा हात धरला. "रडू नगंस, बाई. सोनं झालं म्हाताऱ्याचं."

"अवं धोंडुबाई, आण्णा..."

"त्रास तरी न्हाय झाला न्हवं?"

तेवढ्यात पाठीमागून खोकला आला. दारातलं बोलणं ऐकून आण्णा खोलीतून बाहेर आले होते, धोतर सावरत, एका हातात जपमाळ आणि दुसऱ्या हातात उप्पीटाची ताटली. त्यांनी रस्त्यावरच्या गर्दीकडं पाहिलं. टोपी काढलेल्या मास्तरांकडं, डब्यांकडं.

"केरबा," त्यांनी हळूच विचारलं, "कोण गेलं रं?"

केरबाचं तोंड उघडं राहिलं. मग तो म्हणाला, "तुमीच गेलासा की, आण्णा."

"कवा?"

"पाटंच्याला."

"मग मला कसं कुणी उठवलं न्हाय?"

आधी एक बाई हसली, तोंडावर हात ठेवून. मग तालमीचं पोरगं. मग जे हसू फुटलं ते रस्त्याच्या टोकापर्यंत गेलं, आणि त्यात रडणंही होतं, वेगळं काढता येईना असं. धोंडुबाईनं आण्णांच्या पायावर डोकं ठेवलं आणि उठता उठता म्हणाली, "साडेपाचपासनं रडतीया मी. डोळं गेलं माझं. त्या कुलपाचं काय मग?"

सगळ्यांनी फाटकाकडं पाहिलं. वर्षाराणीला वाटलं, आता धरणी दुभंगावी. तिनं मान वर केली. "मी घालायला लावलं," ती म्हणाली. "पोराला खोली बांधायची हाय. वाट बंद करायची होती."

इतकी माणसं होती, पण कुणी नाक मुरडलं नाही. मास्तरांनी टोपी डोक्यावर घातली. "जागा तुमची आहे, वहिनी. इतकी वर्षं जाऊ दिलंत," ते म्हणाले. "आम्ही पुलावरनं जाऊ." आणि ते खरंच तसं म्हणत होते. त्यांच्या गुडघ्याला पट्टा होता, तो तिला आजच दिसला.

आण्णा पायरीवर बसले. ताटली बाजूला ठेवली.

"जागा माझीबी न्हाय," ते म्हणाले. "आज बसलायसाच सगळी, तर ऐका. प्लॉट घेतला तवा हितं सगळं रान हुतं. पाया खणायच्या आधी मी पांढऱ्या फक्कीनं रेघा मारल्या. सकाळी येऊन बघतोय तर रेघ एका जागी पुसलेली. परत मारली. परत पुसलेली, त्याच जागी. म्हटलं, कोणतरी मुद्दाम करतंय. तिसऱ्या दिवशी काठी घेऊन पहाटंचा बसलो."

"मग?" केरबा म्हणाला.

"मग एक म्हातारी आली. डोक्यावर भाजीची पाटी. आली ती सरळ, रेघेवरनं गेली, माझ्या पुढनं दोन हातांवरनं गेली. मी उठून उभा राहिलो काठी घेऊन, तिला पत्ता न्हाय. दिसत न्हवतं तिला. डोळं कवाच गेलं हुतं. पायच वाट वळखत हुते. मळ्यातनं निघायची ती बाजारात जायाची, सगळी वाट पायात. नाव इचारलं तर म्हणाली, बाळाबाई. रेघेचं तिला काय सांगायचं? पांढरी रेघ आंधळीला कशी दिसावी?"

आण्णांनी जपमाळ दुसऱ्या हातात घेतली. 

"घरी येऊन हिच्या सासूला सांगितलं. म्हटलं, म्हातारीला दुसरीकडनं जायाला सांगतो. तर विठा म्हणाली, तिचं पाय पुसून त्यावर घर बांधायचं न्हाय. भिंत आली तर ती भिंतीवर जाऊन आपटंल. घर सरकवा दहा फूट. म्हणून घर लहान झालं. म्हणून नातवाला खोली न्हाय. दोष कुणाचा म्हणायचा असंल तर त्या दोघींचा."

"ती बाळाबाई पुढं?" धोंडुबाईनं विचारलं.

"दोन वर्षं गेली हितनं. एका पावसाळ्यात यायची थांबली. कुठली, कुणाची, कुणालाच ठावं न्हाय. तवर तिच्या मागनं बाकीची चालाय लागली हुती."

वर्षाराणीला या घरात सत्तावीस वर्षं झाली होती आणि ही गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. सासूनं एकदाही नाही. बोळ झाडताना मात्र ती कधी कधी मधेच थांबायची, कुणाला तरी पुढं जाऊ दिल्यासारखी. वर्षाराणीला वाटायचं, कंबर दुखते.

एवढ्यात एक स्कूटर करकचून थांबली. मोना. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. ग्रुपवरचा निरोप तिच्यापर्यंतही पोचला होता. समोर आण्णा बघून ती जागच्या जागी थिजली.

"ये, ये," आण्णा म्हणाले. "माझ्याच मयताला आलीयास. उप्पीट खातीस?"

मोना पायरीवर त्यांच्या शेजारी बसली आणि आधी पोटभर रडली. मग सगळी हकीकत ऐकली, डबे पाहिले, बोळ पाहिला. सम्राट तिच्यासमोर उभा होता, किल्ल्यांचा जुडगा हातात फिरवत.

"आपण तो ट्रॅक बघून आलो, आठवतंय?" ती त्याला म्हणाली. "संध्याकाळी सहाला. किती माणसं होती?"

"वॉचमन होता."

"आणि तो पण बसला होता."

सम्राट हसला नाही, पण किल्ल्या फिरवायचा थांबला. मोनानं बोळाकडं परत पाहिलं, मान वर करून. "वर बांधता येईल की," ती म्हणाली. "चार खांब घ्यायचे, दोन या कडेला, दोन त्या. जुन्या पायावर भारच नको. खोली वर, वाट खाली."

सम्राटनं बोळ डोळ्यांनी मापला. शिरोलीच्या कारखान्यात तो मापंच घेतो. "बसंल," तो म्हणाला. "पण पहाटं साडेपाचपासनं लोक खालनं जाणार. झोप मिळायची न्हाय."

"मग उठू की लवकर."

वर्षाराणीनं तोंड फिरवलं, कारण चेहऱ्यावर जे आलं होतं ते इतक्या लोकांत दाखवायचं नव्हतं. रविवारचा तो शब्द घशातून खाली उतरला.

"दोघांचंबी बरोबर हाय," नृसिंह म्हणाला, आणि पहिल्यांदाच कुणी त्याला रागावलं नाही.

दहाला पेंटर फलक घेऊन आला. 'खाजगी मार्ग. परवानगीशिवाय प्रवेश बंद.' अक्षरं फार सुंदर काढली होती बिचाऱ्यानं. धोंडुबाईनं तो फलक त्याच्या हातातून घेतला, उलटा करून दोन विटांवर ठेवला आणि त्यावर भाकऱ्यांच्या चळती मांडल्या. आणलेलं अन्न परत कसं न्यायचं, म्हणून सगळी कॉलनी तिथंच, बोळाच्या दोन्ही बाजूंना बसून जेवली. आण्णांच्या मयताचं जेवण आण्णांनीच वाढलं.

पण त्याआधी एक गोष्ट झाली. सम्राटनं उत्तरेचं कुलूप काढलं आणि दक्षिणेचं काढायला निघाला, तेव्हा वर्षाराणीनं किल्ली मागून घेतली. "मी जाते," ती म्हणाली.

ती उत्तरेच्या फाटकाशी उभी राहिली, चपला काढल्या आणि डोळे मिटले. कुणी विचारलं नाही, काय करतेस म्हणून. ती चालायला लागली. पहिली काही पावलं हात पुढं करून, भीतीनं. मग तळव्यांना कळायला लागलं. मधोमध जमीन किंचित खोलगट होती, तव्यासारखी गुळगुळीत, इतक्या वर्षांत इतक्या पायांनी घडवलेली. त्या खोलगटातून पाय सरकला की कडेला लगेच खडे लागायचे, आणि पाय आपोआप आत यायचा. वाट तिला धरून नेत होती. डावीकडं तिच्या स्वयंपाकघराची फोडणी, उजवीकडं औदुंबराचा ओला वास, मागं कुठंतरी दूधकट्ट्यावरची म्हैस पुन्हा हंबरायला लागलेली. चाळीस पावलं. मग हाताला गार लोखंड लागलं.

तिनं चाचपून कुलूप उघडलं, दक्षिणदार लोटलं आणि मगच डोळे उघडले. समोर बाग होती. मास्तर तिच्या मागंच येत होते, गुडघा सांभाळत. तिनं बाजूला होऊन त्यांना आधी जाऊ दिलं.

खोली पुढं झाली, खांबांवर, आणि तिच्या सावलीत वाट राहिली. कधी कळंब्याकडं गेलात तर तुम्हीही त्यातनं जा, कुणी अडवणार नाही. फक्त उंबऱ्याशी घटकाभर थांबा आणि बाळाबाईची आठवण काढा. तिचं गाव माहीत नाही, कूळ माहीत नाही, फोटो नाही. आपण कुणासाठी वाट पाडतोय हे तिलाही कधी दिसलं नाही. तुम्ही तरी तिला विसरू नका.